पंधरा रुपयांचा सातबारा: पुण्याच्या कडेची जमीन वाचायला महाभूमी पोर्टल किती पुरतं?

वाघोली, मांजरी, फुरसुंगी, म्हाळुंगे, चऱ्होली. पुण्यात कामाला आलेला माणूस शेवटी घर शोधतो ते या गावांत, आणि तो इथे येतो म्हणूनच इथली शेतं गुंठ्यांत मोजली जाऊ लागतात. हिंजवडीचा आयटीवाला, चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, बिहार-बंगालमधून आलेला गवंडी, प्रत्येकाची ऐपत वेगळी आणि प्रत्येकासाठी जमिनीचा वेगळा तुकडा पडतो. अशा जागेत आयुष्याची पुंजी घालण्याआधी हाताशी असलेलं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे महसूल विभागाचं महाभूमी पोर्टल. गुंठा-दोन गुंठे घेणारा, विकसन करारावर (जमीन बांधकामासाठी बिल्डरला देण्याच्या करारावर) सही करायला बसलेला शेतकरी आणि शहराची वाढ अभ्यासणारा विद्यार्थी या तिघांना ते किती उपयोगी पडतं, ते इथे पाहू.

मालकी वाचायला हे साधन उत्तम आहे. जमिनीचा वापर कसा बदलतोय ते वाचायला मात्र ते अपुरं पडतं. ही उणीव कुठे आहे हे माहीत असेल तर ती बऱ्याच अंशी भरून काढता येते.

एकाच नावाखाली अनेक दुकानं

महाभूमी म्हणजे एकच संकेतस्थळ नाही. महाभूलेखवर विनास्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या गटांची यादी) आणि मालमत्ता पत्रक फुकट दिसतं. डिजिटल सातबारावर तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा पंधरा रुपयांत मिळतो, आठ-अ आणि फेरफारही (मालकी किंवा हक्क बदलल्याची नोंद) तितक्याच पैशांत. भूनकाशावर गटाचा नकाशा, आपली चावडीवर सुरू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा, आपले अभिलेखवर स्कॅन केलेले जुने कागद आणि ई-हक्कवर वारस नोंद, कर्जाचा बोजा कमी करणे किंवा चूकदुरुस्तीचे अर्ज. नवख्या माणसाला हे सगळं एका ठिकाणी, एका लॉगिनवर का नाही असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. एका गटाची माहिती गोळा करायला चार ठिकाणी जिल्हा, तालुका, गाव पुन्हा पुन्हा निवडावं लागतं.

गाव निवडतानाच पहिली चूक होते. मांजरी बुद्रुक मुळा-मुठेच्या एका काठाला, मांजरी खुर्द दुसऱ्या. बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, खुर्द हद्दीबाहेर आहे. जाहिरातीत नुसतं ‘मांजरी’ असतं. वडगाव म्हणाल तर बुद्रुक, शेरी, शिंदे अशी कितीतरी. गट क्रमांकात अक्षर असेल, म्हणजे ४५/२/अ, तर ‘अक्षरी गट क्रमांक’ हा पर्याय घ्या, नाहीतर ‘नोंद आढळली नाही’ असं वाचून तुम्ही गट अस्तित्वातच नाही असं समजाल. गट माहीत नसेल तर आडनावाने शोधता येतं, पण जोडाक्षर किंवा वेलांटी नोंदीप्रमाणे हवी. त्यामुळे आडनावाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं टाकून शोधणं जास्त फळतं.

आधी फुकटचा उतारा पाहा. तो कोणत्याही शासकीय किंवा कायदेशीर कामाला चालत नाही, पण गट बरोबर आहे का हे कळायला पुरेसा आहे. खात्री पटली की मगच पंधरा रुपये खर्च करा. खात्यात आधी पैसे भरावे लागतात, आणि उतारा घेतल्यावर तो ७२ तासांच्या आत उतरवून घ्यावा लागतो. नंतर पुन्हा पैसे. पैसे कापले गेले पण शिल्लक वाढली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टाकून आधी पेमेंटची स्थिती तपासा. उताऱ्याच्या तळाशी पडताळणी क्रमांक असतो. एजंटने पाठवलेला पीडीएफ खरा की मधेच बदललेला, हे त्या क्रमांकाने पोर्टलवरच पडताळता येतं. ही सोय फार मोलाची आहे आणि फार कमी लोक वापरतात.

उतारा उघडल्यावर

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि तो बदल मनापासून आवडण्यासारखा आहे. एकूण क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न चालणारा भाग), शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख, प्रलंबित फेरफार हे सगळं आता ठळक दिसतं. शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तर गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त. एका गुंठ्यात हा फरक नगण्य वाटतो. ऐंशी जणांत वाटला की रस्त्यावरचा शेवटचा माणूस जागेवाचून उरतो.

शहराच्या कडेचा गट कसा दिसतो ते बघा. क्षेत्र ०.८१.०० हेक्टर, म्हणजे जुने दोन एकर. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात पूर्वी दोन भाऊ आणि एक बहीण असायची. आता साठ-सत्तर नावं, प्रत्येकापुढे ०.०१.०० किंवा ‘सामाईक क्षेत्र’. काही नावं कंसात गेलेली, म्हणजे बहुधा त्यांनी पुढे विकलं. आडनावं कुठली कुठली, गावात पिढ्यान्‌पिढ्या कुणी न ऐकलेली. स्थलांतराचा एवढा स्पष्ट दस्तऐवज दुसरा नाही. पण हा उतारा आणखीही काही सांगतो. प्लॉट पाडण्याच्या मंजूर आराखड्यात ८१०० चौरस मीटरमधून आधी दहा टक्के मोकळी जागा सुटते, मग अंतर्गत रस्ते, तेही किमान नऊ मीटरचे. उरलेल्यातच प्लॉट बसतात. जिथे नावापुढच्या क्षेत्रांची बेरीज पूर्ण ८१ आर भरते, तिथे रस्ता कुणाच्याच नावावर नाही. तो दस्तात ‘वापरण्याचा हक्क’ म्हणून लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात दहा-बारा फुटांचा असतो. तिथे अग्निशमनाची गाडी वळत नाही, आणि ड्रेनेजची लाइन टाकताना कुणाच्या अंगणातून न्यायची यावरून भांडणं सुरू होतात.

बेरीज एकूण क्षेत्रापेक्षा जास्त भरली तर? असे उतारे विसंगत ठरतात आणि बहुधा डिजिटल स्वाक्षरीत उपलब्धच होत नाहीत. ‘सर्व्हर डाउन असेल’ असं म्हणून कुणी समजूत घातली तर शेजारच्या गटाचा उतारा मागून बघा. तो मिळाला आणि हाच मिळत नसेल, तर अडचण सर्व्हरमध्ये नाही, गटात आहे.

‘सामाईक’ या शब्दापाशी थांबा. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. पुणे जिल्ह्यासाठी २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा. एकट्याला एक गुंठा शेतजमीन घेता येत नाही, म्हणून दहा-अकरा अनोळखी लोकांचा मिळून एक दस्त करायचा, अशी वाट निघाली. कागदावर तुम्ही सगळ्या क्षेत्राचे अविभक्त हिस्सेदार, प्रत्यक्षात पत्र्याचं कुंपण घातलेला तुमचा एक चौकोन. बँक त्यावर गृहकर्ज देत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही, आणि एकाने विकायला काढलं की बाकी दहांच्या सह्यांचा प्रश्न येतो. २०२५ मध्ये कायद्यात बदल होऊन रहिवासी वापराच्या भागातले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी झाली. हजारो कुटुंबांना त्याचा खरा दिलासा आहे. पण व्यवहार नियमित झाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असा अर्थ नाही. ते वेगळं प्रकरण, वेगळा अर्ज.

इतर हक्काचा रकाना: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

या सेवेतला सर्वांत मौल्यवान भाग हाच, आणि लोक नेमका हाच चाळून सोडतात. शेती चालू असलेल्या गटात इथे विविध कार्यकारी सोसायटीचा पीककर्जाचा बोजा असतो. तो कमी होऊन पतसंस्थेचा किंवा वित्तसंस्थेचा मोठा बोजा आला, की जमीन शेतीच्या हिशेबातून बाहेर पडू लागली असं समजावं. पुढची पायरी म्हणजे विकसन करार किंवा न्यायप्रविष्ट दाव्याची नोंद. विकसन करार मात्र सातबाऱ्यावर येईलच असं नाही. त्यासाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि गट टाकून सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहावी लागते, तीही फुकट आहे. सातबारा कोरा आणि सूचीत तीन वर्षांपूर्वीचा विकसन करार, ही जोडी शहराच्या कडेला वारंवार भेटते.

इथेच ‘पुनर्वसनासाठी राखीव’, ‘संपादन’, ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे शेरे असतात. यातला एकही दिसला तर टोकन देऊ नका. वर भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आलाच. वतनाच्या आणि देवस्थानाच्या जमिनी याच सदरात येतात. पूर्वी या जमिनींना भाव नव्हता म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं, रिंगरोड आणि टाउनशिपच्या चर्चेने ते वेधलं गेलं. घेणारा शेतकरी नसेल आणि जमीन शेतीची असेल, तर अशा खरेदीला अटकाव करणारं कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, हेही इथेच आठवावं.

‘प्रलंबित फेरफार : आहे’ असं दिसलं तर आपली चावडी उघडा. तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये घेतात, नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पोर्टलचं सर्वांत मोठं देणं आहे. आपल्या सामाईक गटात चुलत्याने परस्पर विकलेला हिस्सा पूर्वी वर्षभराने कळायचा. आता आठवड्यातून एकदा आपल्या गावाच्या नोटिसा पाहिल्या तर हरकतीची मुदत हातात असते.

पीकपाहणी: जिथे उतारा गप्प बसतो

गाव नमुना बारा म्हणजे उताऱ्याचा खालचा भाग. वर्ष, हंगाम, पीक, सिंचनाचं साधन, लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन. जमिनीचा वापर इथे दिसायला हवा. २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो, जागेवर उभं राहून फोटो काढतो. कल्पना चांगली आहे. शहराच्या कडेला ती फसते, कारण तिथे पीक नोंदवण्यात कुणाला रस उरलेला नसतो. अनुदान, विमा, हमीभाव यांची गरज असलेला शेतकरी नोंद करतो. जमीन विकायला काढलेला करत नाही.

उसापासून इमारतीपर्यंत शेत एका उडीत जात नाही. मधे पाच-दहा वर्षांचा टप्पा असतो आणि खरा बदल त्याच काळात होतो. आधी मजूर मिळेनासा होतो, कारण तोच मजूर शेजारच्या साइटवर जास्त रोज कमावतो. मग उसाच्या जागी पालेभाजी किंवा चारा, मग पड. पडीवर वीटभट्टी लागते आणि वरची कसदार माती उचलली जाते. ती एकदा गेली की तिथे पुन्हा शेती होत नाही. त्यानंतर नर्सरी, भंगाराचं गोदाम, लग्नाचं लॉन, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, दहा बाय दहाच्या भाड्याच्या चाळी. या सगळ्या काळात उताऱ्यावर काय असतं? ‘पड’, ‘घरपड’, किंवा मागच्या वर्षीचंच पीक, किंवा रिकामा रकाना. आणि एके दिवशी त्या जागी एकच वाक्य येतं: क्षेत्र अकृषक झाल्यामुळे या क्षेत्रासाठी गाव नमुना बाराची आवश्यकता नाही. शेकडो भाडेकरूंना आसरा देणारा मधला टप्पा सरकारी कागदावर कधी घडलाच नाही. म्हणून तिथे किती लोक राहतात, त्यांना पाणी किती लागेल, सांडपाणी कुठे जाईल याचा हिशेब मांडायलाही आधार राहत नाही. या सेवेवरची माझी सर्वांत मोठी हरकत ही आहे, आणि ती नुसती तांत्रिक नाही. मुठा उजव्या कालव्याचं पाणी हडपसर, लोणीवरून इंदापूरपर्यंतच्या शेतीसाठी आहे आणि त्याच खडकवासल्याच्या साठ्यातून शहर पितं. कडेची शेती नेमकी किती आणि कधी बंद झाली हे कळल्याशिवाय त्या पाण्याची वाटणी प्रामाणिकपणे मांडता येणार नाही.

‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ या रकान्यात गोदाम, चाळ, लॉन, वीटभट्टी अशा नोंदी दरवर्षी सक्तीने घ्यायला लावल्या तर अर्धं काम होईल. रकाना आहेच, नवा कायदा लागणार नाही.

तोवर उपाय म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांची उपग्रह छायाचित्रं. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी छायाचित्रं वर्षानुसार मागे नेता येतात. शेजारी भूनकाशा उघडा. ओढ्याचं वळण, जुना शिवरस्ता आणि गावठाणाची कड या तीन खुणा जुळवल्या की गट सापडतो. एप्रिल-मेची छायाचित्रं घ्या, त्या दिवसांत हिरवं दिसलं तर ते बागायत. भूनकाशा मात्र अंदाजापुरताच वापरा. मोजणी न झालेले पोटहिस्से त्यात नसतात, एजंटने पाडलेले प्लॉट तर नसतातच. हद्द ठरवायची असेल तर भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी आणि क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), याला पर्याय नाही.

जे इथे मिळणारच नाही

झोन. पोर्टलमधली ही दुसरी मोठी पोकळी. गट रहिवास विभागात आहे, शेती विभागात आहे की आरक्षणात, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाचा झोन दाखला आणि भाग नकाशा लागतो. पुण्याभोवती हे आणखी गुंतागुंतीचं आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्दीबाहेरच्या गावांसाठी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, तोही पुढे रद्द झाला. म्हणून कुणी ‘प्रारूपात पिवळा आहे’, म्हणजे रहिवास विभागात आहे, असं सांगून २०२१ चा रंगीत नकाशा दाखवला तर त्यावर पैसे देऊ नका. ताज्या तारखेचा दाखला मागा.

‘एनए’, म्हणजे बिनशेती, या शब्दाचंही तसंच. महसूल संहितेतल्या बदलांमुळे मंजूर आराखड्यातल्या आणि गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनींची बिनशेती प्रक्रिया सोपी झाली आहे. तरी रूपांतरण कर भरल्याची पावती आणि रेखांकनाची (प्लॉट पाडण्याच्या आराखड्याची) मंजुरी हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला दाखवून दुसरा असल्याचं भासवलं जातं. नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे विभागाकडून तपासा. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. मुळा-मुठेच्या काठच्या स्वस्त प्लॉटचं स्वस्तपण बहुतेक वेळा या दोन रेषांत असतं.

नगर भूमापन झालेल्या भागात सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे मालमत्ता पत्रक, सुरू होते. काही ठिकाणी दोन्ही चालू राहिलेले आढळतात. दोन्ही मागा, आणि दोन्हींवरची नावं वेगळी निघाली तर व्यवहार थांबवा. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने मालकी निर्माण होत नाही. तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल वकिलाकडूनच घ्या, त्याची फी पंधरा रुपयांत वाचणार नाही.

गुण द्यायचे तर मालकी आणि बोजासाठी पाचपैकी साडेचार, फेरफारांच्या नोटिसांसाठी पूर्ण पाच, नकाशाला तीन, जमिनीच्या वापराच्या नोंदीला दीड.

एका गटासाठी खर्च साधारण असा धरा: सातबारा पंधरा, आठ-अ पंधरा, शेवटचे तीन फेरफार पंचेचाळीस, एकूण पंच्याहत्तर रुपये. आठ-अ टाळू नका. विकणाऱ्याच्या खात्यावर गावात आणखी कोणते गट आहेत हे त्यातच दिसतं, आणि त्या गटांवर त्याने आधी काय केलं आहे ते पाहिलं की तुमच्या गटाचं पुढे काय होणार याचा बराच अंदाज येतो. टोकन देण्याच्या आदल्या दिवशी आणि खरेदीखताच्या सकाळी सातबारा पुन्हा नव्याने काढा. शेवटचा फेरफार क्रमांक बदलला असेल तर तो फेरफार वाचल्याशिवाय सही करू नका.